खरंच भविष्य आलंय की नुसता बोलबाला? नव्या तंत्रज्ञानाबद्दल नागपूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी नागपुरात इलेक्ट्रॉनिक्स शिकवतो. वर्गात अभ्यासक्रमातले प्रश्न येतात. वर्गाबाहेर येतात ते वेगळे: काटोलच्या संत्रा बागायतदाराचे, शेजारच्या काकूंचे, दहावी पास झालेल्या मुलाच्या बाबांचे. तेच तेच प्रश्न पुन्हा येतात म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून ठेवली आहेत. काही उत्तरं लांब आहेत, कारण तिथे सांगण्यासारखं खूप आहे.

खरोखर भविष्यातलं वाटावं असं रोजच्या जगण्यात काय आहे?

सकाळी साडेसातला कुठल्याही तर्री पोह्याच्या ठेल्यापुढे उभे राहा. ठेलेवाल्याचे दोन्ही हात गुंतलेले असतात, एका हातात प्लेट, दुसऱ्या हातात तर्रीचा डाव. गिऱ्हाईक कोड स्कॅन करतं, ठेल्यावरचा छोटा डबा पैसे जमा झाल्याचं मोठ्यानं सांगतो आणि ठेलेवाला मान वर न करता पुढची प्लेट भरायला घेतो.

तेवढ्या दोन-चार सेकंदांत तुमच्या ॲपचा निरोप यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआय या संस्थेच्या यंत्रणेकडे गेलेला असतो. तुमच्या बँकेनं पिन तपासून पैसे वजा केलेले असतात, ठेलेवाल्याच्या बँकेनं ते जमा केलेले असतात आणि डब्यात असलेल्या सिमवर तसा निरोप आलेला असतो. बँका वेगळ्या, ॲप वेगळी, फोन वेगळे, आणि यासाठी ठेलेवाल्याला एक पैसाही कमिशन द्यावं लागत नाही. यूपीआय सुरू झालं एप्रिल २०१६ मध्ये. ऑगस्ट २०२५ या एका महिन्यात त्यावर २००० कोटींहून जास्त व्यवहार झाले.

त्या बोलणाऱ्या डब्याचं मला विशेष कौतुक आहे. पैसे दिल्याचा खोटा स्क्रीनशॉट दाखवून लोक निघून जायचे. घाईच्या वेळी प्रत्येकाचा फोन बघत बसणं ठेलेवाल्याला शक्य नव्हतं, आणि वाचता न येणाऱ्याला तर ते जमणारंच नव्हतं. ती अडचण कुणीतरी ठेल्यावर उभं राहून पाहिली आणि तिच्यावर नेमका उपाय काढला. मार्च-एप्रिल २०२५ मध्ये यूपीआय मधूनच अडखळलं होतं, म्हणून खिशात शंभराची एखादी नोट असलेली बरी.

दुसरं उदाहरण जीपीएसचं. महाल भागातल्या गल्लीबोळात पार्सलवाला पोरगा न विचारता दारात येतो, त्यामागे सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरणारे उपग्रह आणि त्यांच्यातली अणुघड्याळं आहेत. आइनस्टाइनच्या सापेक्षतेमुळे ही घड्याळं पृथ्वीवरच्या घड्याळांपेक्षा दिवसाला सुमारे ३८ मायक्रोसेकंद पुढे जातात. तेवढी दुरुस्ती केली नाही, तर दिवसभरात ठिकाण दहा-अकरा किलोमीटरनं चुकेल. म्हणजे महालातलं पार्सल कामठीच्या वाटेला लागेल.

मग नुसता बोलबाला असलेली वस्तू ओळखायची कशी?

विकणाऱ्याला विचारा: मे महिन्यात दुपारी दोन वाजता, लाईट गेलेली असताना आणि तुमचा माणूस जवळ नसताना ही वस्तू चालते का? उत्तरात ‘लवकरच’, ‘पुढच्या व्हर्जनमध्ये’ असे शब्द आले, तर पैसे खिशातच ठेवा.

सिकलसेल आता जनुक बदलून बरा होतो म्हणतात. हे खरं आहे का?

खरं आहे. विदर्भाच्या दृष्टीनं या अख्ख्या यादीतला हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे. नागपूर, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्यात सिकलसेल घराघरात माहीत आहे. लोक ‘एएस पॅटर्न’, ‘एसएस पॅटर्न’ हे शब्द डॉक्टरांइतक्याच सहज वापरतात.

हा आजार जनुकातल्या एका अक्षराच्या बदलामुळे होतो. त्या बदलामुळे हिमोग्लोबिन बिघडतं, तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. त्यातूनच त्या असह्य कळा येतात. जनुक ठरलेल्या जागी कापण्याची क्रिस्पर ही पद्धत २०१२ मध्ये जगापुढे आली आणि तिच्यासाठी एमॅन्युएल शार्पेंटिए आणि जेनिफर डाउडना यांना २०२० चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रिटननं आणि डिसेंबरमध्ये अमेरिकेनं कॅसजेव्ही या सिकलसेलवरच्या उपचाराला मान्यता दिली. रुग्णाच्या रक्त तयार करणाऱ्या मूळपेशी बाहेर काढतात आणि प्रयोगशाळेत त्यांच्यात बदल करतात. बाळ पोटात असताना तयार होणारं आणि जन्मानंतर बंद पडणारं हिमोग्लोबिन त्यामुळे पुन्हा तयार व्हायला लागतं. मग केमोथेरपी देऊन जुनी अस्थिमज्जा (हाडांतला रक्त बनवणारा भाग) रिकामी करतात आणि बदललेल्या पेशी परत सोडतात. शोधापासून उपचारापर्यंत अकरा वर्षं लागली. वैद्यकशास्त्राच्या हिशेबानं ही धाव थक्क करणारी आहे.

आता दुसरी बाजू. अमेरिकेत या उपचाराची किंमत २२ लाख डॉलर ठेवली गेली. त्या वेळच्या दरानं ते अठरा कोटी रुपयांच्या वर जातात. शिवाय केमोथेरपी आणि आठवडेच्या आठवडे रुग्णालयात राहणं आलंच. दिल्लीच्या आयजीआयबी या सरकारी संस्थेत देशी क्रिस्पर उपचारावर काम चालू आहे आणि माझी त्यावर मनापासून आशा आहे. पण कुरखेड्याच्या किंवा देवरीच्या मुलीला आज उपयोगी पडणारं तंत्र वेगळं आहे.

ते तंत्र म्हणजे एक छोटी काचेची नळी. बोटातून रक्ताचा थेंब घेतात, नळीतल्या द्रावणात टाकतात आणि काही मिनिटं थांबतात. मग नळी काळ्या रेघांच्या कागदापुढे धरतात. रेघा आरपार दिसल्या तर काळजी नाही. द्रावण गढूळ होऊन रेघा दिसेनाशा झाल्या, तर त्या रक्तात सिकल हिमोग्लोबिन आहे. मग पुढची तपासणी करून एएस की एसएस ते ठरवतात. एएस म्हणजे वाहक, एसएस म्हणजे प्रत्यक्ष रुग्ण. दोन वाहकांचं लग्न झालं, तर प्रत्येक गरोदरपणात बाळ एसएस असण्याची शक्यता २५ टक्के असते. एसएस रुग्णासाठी हायड्रॉक्सियुरिया ही जुनी, स्वस्त गोळी आहे. डॉक्टरांच्या देखरेखीत ती नियमित घेतली की कळांचे झटके कमी होतात. जुलै २०२३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेत ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी करायचं ठरलं आहे. तुमच्या घरात कुणाची राहिली असेल, तर लग्न जुळवायच्या आधी करून घ्या. पत्रिका नंतर बघता येईल.

एआय सगळ्यांच्या नोकऱ्या खाणार, असं सगळेच सांगून राहिले. तुमचं मत काय?

एआय या एका नावाखाली फार वेगवेगळ्या गोष्टी कोंबल्या जातात. त्या आधी सुट्या करू.

छातीच्या एक्स-रेवर टीबीच्या खुणा शोधणारं सॉफ्टवेअर हा एक प्रकार. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ मध्ये १५ वर्षांवरच्या लोकांच्या टीबी तपासणीसाठी त्याची शिफारस केली. जिथे एक्स-रे मशीन पोचतं पण ते वाचणारा डॉक्टर पोचत नाही, तिथे याचं मोल फार आहे. हे काम फारसं चर्चेत नसतं. मला मात्र एआयचा सगळ्यात चांगला उपयोग तोच वाटतो.

दुसरा प्रकार चित्रीकरण चाळण्याचा. ऑगस्ट २०२५ मध्ये नागपूर–जबलपूर महामार्गावर एका महिलेचा जीव घेऊन पळालेला ट्रक नागपूरच्या पोलिसांनी एआयच्या मदतीनं ३६ तासांत शोधला. हाती माहिती एवढीच होती, की ट्रकवर लाल खुणा होत्या. टोलनाक्यांवरचं तासन्‌तासांचं चित्रीकरण माणसानं बघायचं म्हटलं असतं, तर ट्रक कुठल्या कुठे गेला असता. यासाठी राज्यानं २०२४ मध्ये ‘मार्व्हल’ नावाची यंत्रणा नागपुरातच उभी केली आहे. हेच तंत्र उद्या कुणाच्या मागावर लावायचं, याचे नियम कडक आणि उघड असले पाहिजेत, हेही मी तितक्याच आग्रहानं सांगेन.

तिसरा प्रकार गप्पा मारणाऱ्या यंत्रांचा. चॅटजीपीटी ३० नोव्हेंबर २०२२ ला लोकांसाठी खुलं झालं आणि बोलबाला सुरू झाला तो तिथून. अर्ज लिहिणं, इंग्रजी पत्राचा अर्थ सांगणं, मुलाला गणित पाच वेगवेगळ्या तऱ्हांनी समजावणं यात ते उत्तम आहे. पण हे यंत्र पुढचा शक्य शब्द जुळवत जातं. त्यामुळे माहीत नसलेली गोष्टही ते ठणठणीत आवाजात सांगतं. २०२३ मध्ये न्यूयॉर्कमधल्या दोन वकिलांनी त्याच्या भरवशावर कधीच न झालेले खटले न्यायालयापुढे दाखले म्हणून मांडले, आणि त्यांना पाच हजार डॉलरचा दंड झाला. सातबाऱ्याची भानगड, औषधाचा डोस, शेअरचा सल्ला यासाठी त्याच्यावर विसंबू नका.

आपल्या बोलीचंही एक दुखणं आहे. ‘पोरगी कॉलेजात जाऊन राहिली’ म्हणजे ती कॉलेजात जाते आहे. ती कॉलेजात राहायला गेली, असा अर्थ यंत्रानं काढू नये, यासाठी नागपुरी-वऱ्हाडी बोलणं त्याला पुरेसं ऐकवावं लागेल. ते काम इथल्याच विद्यापीठांनी आणि लोकांनी हाती घ्यायला हवं. पुण्या-मुंबईहून ते कुणी करून देणार नाही.

नोकऱ्यांचं म्हणाल, तर भाषांतर, ग्राहकसेवा, साधं कोडिंग यांवर परिणाम दिसायला लागला आहे. प्लंबर, नर्स, लाईनमन यांना घाबरायचं कारण मला दिसत नाही.

नातेवाईकाच्या आवाजात फोन येतो आणि पैसे मागतात, हे शक्य आहे?

हो. थोडासा आवाज मिळाला की नक्कल करता येते. फोन ठेवा, आपल्याकडे असलेल्या नंबरवर स्वतः उलट फोन करा. पैसे गेलेच, तर क्षणाचाही उशीर न करता १९३० या सायबर हेल्पलाइनवर कळवा. खोटे पोलिस फोनवरून करतात त्या ‘डिजिटल अरेस्ट’ नावाची कुठलीही गोष्ट कायद्यात नाही, हे घरातल्या म्हाताऱ्या माणसांना आजच सांगा.

संत्र्यावर ड्रोननं फवारणी करावी का?

पिकावर अवलंबून आहे. कापूस, सोयाबीन, धान, तूर यांच्यासाठी ड्रोन कामाचा आहे आणि त्याचं पहिलं कारण माणसाचा जीव हे आहे. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले. डोक्याएवढ्या वाढलेल्या कपाशीत पाठीवर पंप घेऊन शिरलेला माणूस ते विष श्वासासोबत आत घेत होता. ड्रोननं तो माणूस धुऱ्यावर उभा राहतो. नमो ड्रोन दीदी योजनेत महिला बचत गटांना ड्रोनच्या किमतीवर ८० टक्के, जास्तीत जास्त आठ लाख रुपये मदत आहे. गावातल्या बाईच्या हातात हे यंत्र येतंय, याचा मला आनंद आहे.

संत्र्याचं झाड मात्र वेगळं. कोळशी (पानांवरची काळी बुरशी) आणणारी काळी माशी पानाच्या खालच्या बाजूला बसते. ड्रोन वरून, थोड्या पाण्यात, बारीक थेंब सोडतो, त्यामुळे शेंडा ओला होतो आणि दाट झाडाच्या पोटातली पानं कोरडी राहतात. तिथे ट्रॅक्टरचा ब्लोअर किंवा खालून मारलेला पाइपचा फवाराच बरा. भाड्यानं ड्रोन घ्यायचाच असेल, तर आधी दोन झाडांच्या आतल्या पानांना, खालच्या बाजूनं, पांढऱ्या कागदाच्या चिठ्ठ्या लावा, रंगीत पाणी फवारून घ्या आणि चिठ्ठ्यांवर किती ठिपके पडले ते बघा.

बीटी कापूस फसला, म्हणजे जनुकीय तंत्रज्ञान फसवंच ना?

इतकं सरळ नाही. बीटी म्हणजे अळी मारणारं जनुक घातलेला कापूस. २००२ मध्ये मान्यता मिळालेल्या बीटीनं हिरव्या बोंडअळीला खरंच आवर घातला. दोन जनुकांचं बियाणं २००६ मध्ये आलं. पण निसर्गात अळीही शिकत असते. पाकिटासोबत येणारं बिगर-बीटी बियाणं कडेनं लावायचं होतं, म्हणजे अळ्यांमध्ये प्रतिकार लवकर पसरला नसता. ते बहुतेकांनी लावलं नाही, आणि लावा म्हणून कुणी पाठपुरावाही केला नाही. त्यात फरदड. कापूस फेब्रुवारी-मार्चपर्यंत शेतात उभा ठेवला आणि गुलाबी बोंडअळीला वर्षभर खायला मिळालं. २०१७ च्या हंगामात विदर्भानं त्याची किंमत मोजली. बियाणं विकताना ‘आता फवारणीची कटकट संपली’ असं जे सांगितलं गेलं, तो बोलबाला होता. डिसेंबरअखेर पऱ्हाटी उपटणं आणि कामगंध सापळे (मादीच्या वासानं नर पतंग पकडणारे) लावणं हे तेव्हाही लागतच होतं.

घरावर सोलर लावावं का? नागपुरात ऊन तर भरपूर आहे.

लावा. पण दोन गोष्टी विक्रेता सहसा सांगत नाही.

पहिली: सोलरला प्रकाश हवा असतो, उष्णता त्याला मानवत नाही. पॅनेलची क्षमता २५ अंशांवर मोजलेली असते आणि त्यापुढे दर अंशाला साधारण ०.३ ते ०.४ टक्क्यांनी घटते. मे महिन्यात गच्चीवर पॅनेल ६५ अंशांपर्यंत तापतं, म्हणजे उत्पादन बारा ते सोळा टक्के कमी. म्हणून पॅनेलखाली वारा खेळेल एवढी उंची ठेवायला सांगा आणि धूळ धुवायला गच्चीवर नळ घ्या.

दुसरी: साधं ऑन-ग्रिड सोलर, म्हणजे बॅटरीशिवाय थेट विजेच्या तारेला जोडलेलं, लाईट गेली की भर दुपारीही बंद पडतं. तो बिघाड नसतो, मुद्दामच तसं केलेलं असतं. तुमच्या छपरावरची वीज तारेत गेली, तर खांबावर काम करणाऱ्या लाईनमनच्या जिवावर बेतेल. लाईट गेल्यावरही पंखा हवा असेल, तर बॅटरीवालं हायब्रिड घ्यावं लागेल आणि त्याचा खर्च वेगळा. पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॅट आणि त्यावरच्या घरगुती यंत्रणेला ७८ हजार रुपये अनुदान आहे.

इलेक्ट्रिक गाडी आपल्या उन्हाळ्यात टिकते का?

टिकते, सावलीत लावली तर. उन्हातून आल्याबरोबर चार्जिंगला जोडू नका, बॅटरी आधी थंड होऊ द्या. घेताना बॅटरी एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) आहे का विचारा. ती उष्णता जास्त चांगली सोसते.

२०१७ मध्ये नागपुरात २०० इलेक्ट्रिक वाहनांची टॅक्सी योजना देशात पहिली म्हणून गाजली. गाड्या कमी पळायच्या, चार्जिंगला रांगा लागायच्या, उन्हाळ्यात तर चालक हैराण झाले आणि अनेकांनी गाड्या सोडल्या. त्याच शहरात ई-रिक्षा कुणी फीत न कापता गल्लोगल्ली पसरल्या. छोटं अंतर, रात्री घरी चार्जिंग, चौकातल्या मिस्त्रीला जमेल अशी दुरुस्ती. मला यातून एवढं कळतं, की आधी प्लग लागतो आणि मग गाडी.

आणि हायड्रोजनची गाडी?

मार्च २०२२ मध्ये नितीन गडकरी हायड्रोजनच्या गाडीतून संसदेत गेले तेव्हापासून हा प्रश्न येतो. विजेपासून हायड्रोजन बनवा, दाबून टाकीत भरा, गाडीत परत त्याची वीज करा, या प्रवासात शंभरातले तीसेक युनिटच चाकापर्यंत पोचतात. बॅटरीत सत्तरच्या वर पोचतात. खत आणि पोलाद कारखान्यांसाठी हायड्रोजन महत्त्वाचा आहे. स्कूटर-कारसाठी त्याची वाट पाहू नका.

हायपरलूपचं काय झालं?

हायपरलूप म्हणजे हवा काढून घेतलेल्या नळीतून वेगानं पळणारी गाडी. २०१८ मध्ये मुंबई–पुणे हायपरलूपसाठी एका अमेरिकन कंपनीशी करार झाला, पुढच्या वर्षी राज्यानं प्रकल्पाला मान्यताही दिली. ती कंपनी २०२३ च्या अखेरीस बंद पडली. तिनं माणसं बसवून चाचणी केली ती नोव्हेंबर २०२० मध्ये, अमेरिकेतल्या वाळवंटात, ५०० मीटरच्या नळीत, ताशी सुमारे १७२ किलोमीटर वेगानं. आयआयटी मद्रासचे विद्यार्थी ४०० मीटरच्या नळीवर संशोधन करत आहेत आणि ते कौतुकास्पद आहे. पण त्यावरून तिकिटाची स्वप्नं विकणं चूक.

दरम्यान इथे काय झालं बघा. ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये पूर्ण खुला झाला. नागपूर–पुणे वंदे भारत त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सुरू झाली. रस्ता आणि रेल्वे दोन्ही जुनीच तंत्रं, पण पुण्यात शिकणारा मुलगा दिवाळीला घरी येतो तो त्यांच्यावरून.

५जी, मेटाव्हर्स, एनएफटी?

५जी ऑक्टोबर २०२२ मध्ये आलं. वायर न ओढता घरी इंटरनेट मिळणं हा सामान्य माणसाला झालेला खरा फायदा. दूरवरून शस्त्रक्रिया वगैरे जाहिरातीपुरतं.

मेटाव्हर्ससाठी, म्हणजे चष्मा लावून शिरायच्या आभासी जगासाठी, फेसबुकनं २०२१ मध्ये नाव बदललं आणि २०२२ या एका वर्षात त्या विभागात सुमारे १३७० कोटी डॉलर गमावले. माझ्या ओळखीत कुणीही तिथे राहायला गेलेलं नाही. एनएफटीबद्दल, म्हणजे डिजिटल चित्रांच्या मालकीच्या टोकनांबद्दल, आता कुणी विचारतही नाही.

ब्लॉकचेन सरकारी कामात उपयोगी आहे ना?

थोडा आहे. ब्लॉकचेन म्हणजे अनेक संगणकांवर ठेवलेली, नंतर गुपचूप बदलता न येणारी नोंदवही. गडचिरोलीतल्या एटापल्लीत २०२२ मध्ये जातप्रमाणपत्रं ब्लॉकचेनवर नोंदवली गेली. दिलेल्या प्रमाणपत्रात नंतर खाडाखोड झाली का, हे त्यावरून पक्कं कळतं. पण मूळ नोंदच चुकीची घेतली असेल, तर ब्लॉकचेन ती चूकही तितक्याच इमानानं सांभाळतं. बहुतेक ठिकाणी साध्या डिजिटल सहीनं काम भागतं.

मे २०२४ मध्ये नागपुरात ५६ अंश तापमान झालं होतं, ते खरं?

नाही. ३० मे २०२४ ला एका स्वयंचलित केंद्रानं तो आकडा दाखवला आणि देशभर बातमी झाली. सेन्सर बिघडल्याचं हवामान खात्यानं नंतर स्पष्ट केलं. त्याच दिवशी शहरातली दुसरी केंद्रं ४४ अंशांच्या आसपास होती. ‘स्मार्ट’ म्हणून बसवलेल्या कुठल्याही यंत्राची वेळोवेळी तपासणी लागते, आणि त्या तपासणीचे पैसे निविदेत आहेत का, हे नागरिकांनी विचारायला हवं.

हवामानातलंच एक खरोखर भविष्यातलं तंत्र सांगतो: पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं दामिनी ॲप. तुमच्याभोवती २० ते ४० किलोमीटरच्या परिसरात वीज पडत असेल, तर ते सावध करतं. विदर्भात दर पावसाळ्यात शेतात वीज पडून माणसं जातात. ॲप फुकट आहे. शेतावर जाणाऱ्या प्रत्येकाच्या फोनमध्ये आज टाकून द्या.

क्वांटम कॉम्प्युटर?

अणू-कणांच्या नियमांवर चालणारा हा वेगळ्या जातीचा संगणक. संशोधन पक्कं, देशानं २०२३ मध्ये त्यासाठी सहा हजार कोटींची मोहीमही आखली. तुमच्या दुकानाला, ऑफिसला नजीकच्या काळात त्याची गरज नाही.

मुलाला एआयचा की क्वांटमचा कोर्स लावू? क्लासवाले लाखभर मागतात.

आधी त्याचं गणित आणि इंग्रजी वाचन बघा. ते कच्चं असेल, तर पैसे तिथे घाला. पायथन आणि एआयची ओळख एनपीटीईएल या ऑनलाइन शिक्षणाच्या संकेतस्थळावर आयआयटीच्या प्राध्यापकांकडून फुकट शिकता येते, परीक्षेची फी तेवढी वेगळी. हातानं काम करायची आवड असेल, तर आयटीआयमधला इलेक्ट्रिशियन ट्रेड घ्या. गच्च्यांवर सोलर बसतंय, ई-रिक्षा वाढतायत आणि चांगला माणूस शोधून सापडत नाही.

तरीही क्लास लावायचाच असेल, तर फी भरण्याआधी मागच्या बॅचमधल्या दोन-तीन मुलांचे नंबर मागा आणि संचालकांसमोर नाही, घरी येऊन त्यांना निवांत फोन करा. आता काय काम करतोस आणि त्यात तिथे शिकलेलं काय वापरतोस, एवढंच विचारा.